विद्युलताकाकूचं मंगळसूत्र

एग्मोरच्या रेल्वे ऑफिसातून निवृत्त झालेल्या सुनेत्रामावशींचं गर्भाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन २००३ साली झालं. तेव्हापासून चेन्नईत कुणी मराठी बाई तशाच ऑपरेशनला दाखल झाली, की मावशी हजर. टाके किती, लघवीची नळी किती दिवस, चालवतात कधी, सगळं सांगणार.

माझ्या विद्युलताकाकूनं ते निमूट ऐकलं. थिएटरात मंगळसूत्र चालत नाही म्हटल्यावर मात्र ती अडूनच बसली.

“लग्नापासून काढलं नाही. राहू दे ते ऑपरेशन.”

“वसंतराव, तुम्ही घाला,” मावशी काकांना म्हणाल्या. “दोघांपैकी कुणाच्या तरी गळ्यात असलं म्हणजे झालं.”

बँकेत अख्ख्या शाखेला दरडावणाऱ्या काकांनी मुकाट मान पुढे केली.

स्ट्रेचरवरून आत जाताना काकू हसत होती. “अहो, वरचं बटण लावा. नर्सा बघतायत.”