मॅनेजरला दिलेले थेंब

सिस्टर निवृत्त झाल्या, पण गल्लीनं त्यांना निवृत्त होऊ दिलं नाही. सगळी नोकरी लहान मुलांच्या वॉर्डात गेलेली, त्यामुळे कुणाचं तान्हं रडून रडून लाल झालं की यांचं दार वाजायचंच. सिस्टर मुलाला मांडीवर आडवं घ्यायच्या, एका हातानं गाल चिमटीत धरायच्या आणि ड्रॉपर आतून गालाला लावून औषध असं सोडायच्या की रडावं की गिळावं हे ठरवायला मुलाला वेळच मिळायचा नाही. सिस्टरनी पाजलेलं औषध उलटून पडायची हिंमत करत नाही, असं वॉर्डातले मोठे डॉक्टर म्हणत. सिस्टरना या वाक्याचा अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत.

त्यांची सगळी विद्या एका पायावर उभी होती. आधी वजन, मग औषध. नव्यानं आलेल्या नर्स मुलींना त्या पहिल्या दिवशीच काट्यासमोर उभं करत. औषध तेच असतं गं, माणूस लहान असतो, म्हणून माप लहान करायचं, असं सांगत. हे शंभर टक्के खरं होतं, पण त्या वॉर्डापुरतं. त्या वॉर्डात आजवर माणसाच्या पिल्लाशिवाय दुसरं कुणी दाखल झालेलं नव्हतं, हे कुणाच्या लक्षात येण्याचं कारणच पडलं नव्हतं.

घरात त्या आणि त्यांची नणंद. नणंद-भावजय एका छताखाली म्हटलं की लोकांचे कान टवकारतात, पण इथं ऐकण्यासारखं काही नव्हतं. नणंदेनं लग्न केलं नाही, एका ऑफिसात टायपिंग करत नोकरी संपवली आणि भावाच्या घरात आपली एक खोली धरून राहिली. बोलणं मोजकं, तेही 'हो', 'नको' आणि 'बघू' एवढ्यातच भागायचं. भाऊ गेल्यावर तर तेही आटलं. जेवायला बोलावलं तर येऊन बसायची, ताटाकडे बघायची आणि उठून जायची. सिस्टरना स्वतःचं दुःख बाजूला ठेवून हिची काळजी करावी लागली आणि त्याबद्दल त्यांची थोडी चिडचिडही व्हायची.

मग जिन्यातून एक बोका वर आला आणि नणंदेच्या पलंगावर चढून बसला. पिवळसर, रुंद तोंडाचा, कानाचा तुकडा उडालेला. सिस्टरनी केसांचा, जंतांचा, वासाचा असा तिहेरी निषेध नोंदवला. नणंद म्हणाली, "वहिनी, हा अगदी आमच्या ऑफिसातल्या मॅनेजरसारखा बघतो हो. सगळ्यांवर नजर आणि स्वतः काही करायचं नाही." एवढं लांब वाक्य तिच्या तोंडून कित्येक महिन्यांत आलं नव्हतं. सिस्टर हसल्या, आणि बोका राहिला.

मॅनेजरला खायला घालायचं म्हणून नणंद उठू लागली. त्याचं झालं की स्वतःही चार घास खायची. दुपारी तिच्या खोलीतून बोलण्याचा आवाज यायचा. आज ऊन किती आहे, वहिनीनं कशी कटकट केली, गुडघा कसा दुखतोय, हे सगळं ती बोक्याला सांगायची. सिस्टर भिंतीआडून ऐकायच्या. माझ्याशी नाही बोलत तर नाही, बोलते तरी आहे, असं म्हणून त्यांचा जीव भांड्यात पडायचा. तो बोका म्हणजे नणंदेचा या जगात राहिलेला एकुलता एक धागा होता, आणि हे दोघींनाही ठाऊक होतं.

त्या दिवशी मॅनेजर गच्चीच्या कठड्यावरून खालच्या पत्र्यावर पडला. लंगडतच घरी आला, पलंगाखाली शिरला आणि मागचा पाय पोटाशी घेऊन बारीक आवाज काढत राहिला. नणंदेच्या तोंडचं पाणी पळालं. प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावला तर सुट्टीचा दिवस, दवाखाना संध्याकाळी उघडणार.

"संध्याकाळपर्यंत थांबू या का?" नणंदेनं विचारलं.

"तोवर त्यानं कण्हत बसायचं?" सिस्टर म्हणाल्या. "इतक्या पोरांचं दुखणं उतरवलंय मी. याचं नाही उतरवता येणार?"

मग सगळं रीतसर झालं. सिस्टर बोक्याला उचलून वजनकाट्यावर उभ्या राहिल्या, मग एकट्या उभ्या राहिल्या, आणि वजाबाकी केली. मॅनेजरचं वजन निघालं एखाद्या तान्ह्या बाळाएवढं. कपाटात ताप-दुखण्याचे थेंब होतेच, शेजारच्या नातवासाठी आणलेले. पॅरासिटामॉल. याहून गरीब औषध वॉर्डात दुसरं नव्हतं. सिस्टरनी तोंडी हिशेब केला, आणि जनावर आहे, जपून असावं, म्हणून माप निम्म्यावर आणलं.

"तुम्ही फक्त डोकं धरा, वन्सं."

नणंदेनं धरलं. मॅनेजर दुसऱ्या कुणाला तोंडाला हात लावू देत नसे, पण तिच्या हातात त्यानं मान टाकली. ड्रॉपर आतून गालाला लागला आणि औषध पोटात गेलं. सांडलं नाही, उलटलंही नाही. सिस्टरना मनातून बरं वाटलं.

थोड्या वेळानं कण्हणं थांबलं. बोका शांत पडून राहिला. मूल शांत झालं की दुखणं उतरलं, ही त्यांची आयुष्यभराची खूण. दुपारी त्यांनी डोकावून पाहिलं, तेव्हाही तो तसाच पडलेला. औषध लागू पडलंय, आता परत दुखायच्या आत एकदा देऊन टाकू, असं म्हणून त्यांनी तेवढेच थेंब पुन्हा दिले. या वेळी डोकं धरायचीही गरज पडली नाही.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा नणंदेनं हाक मारली. मॅनेजरचं तोंड सुजलं होतं. पंजे फुगले होते. तोंडातून लाळ गळत होती आणि श्वास भात्यासारखा चालला होता. सिस्टरनी ओठ वर करून पाहिलं. हिरड्या गुलाबी नव्हत्या, मातकट तपकिरी झाल्या होत्या. असा रंग त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण रंग बदलणं म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई सिस्टरना मुलगी शोभतील अशा वयाच्या होत्या. त्यांनी हिरड्या पाहिल्या आणि लगेच विचारलं, "घरी काही दिलंत का?"

सिस्टरनी औषधाचं नाव सांगितलं, माप सांगितलं. "मुलांना देतो त्याच्या निम्मं," हेही सांगितलं. बोलता बोलताच डॉक्टरबाईंचा चेहरा उतरत गेला.

"वजनाचा प्रश्नच नसतो हो यात," त्या हळूच म्हणाल्या. "मांजराच्या शरीराला हे औषध पचवून बाहेर टाकताच येत नाही. ते रक्तच नासवतं. रक्त मग अंगाला हवा पुरवेनासं होतं. निम्मं काय, पाव काय, मांजरासाठी ते विषच. किती वेळा दिलंत?"

"दोनदा," सिस्टर म्हणाल्या. दोनदा हा शब्द उच्चारायला त्यांना फार कष्ट पडले.

"पण औषधानंतर तो शांत झाला होता..." त्याच पुढे म्हणाल्या.

"दुखणं थांबून नाही झाला. त्राण संपलं होतं त्याचं."

सलाइन लागलं, उताऱ्याचं औषध लागलं, प्राणवायूची नळी लागली. डॉक्टरबाईंनी हात आखडता घेतला नाही. मधेच त्यांनी मागचा पाय चाचपला आणि काही न बोलता खाली ठेवला. सिस्टरनी विचारलंच. पायाला काय झालं होतं? डॉक्टरबाईंना सांगायचं नव्हतं, हे दिसत होतं. मुरगळला होता, असं त्यांनी शेवटी सांगितलं. नुसता पडून राहिला असता तर आपोआप बरा झाला असता.

मॅनेजर दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. नणंद शेवटपर्यंत त्याच्या डोक्याखाली हात घालून बसली होती. सिस्टर बाकावर होत्या. ज्या बाकावर मुलांचे आईबाप बसतात आणि आतून कुणी बाहेर आलं की उभे राहतात, तसल्या बाकावर त्या जन्मात पहिल्यांदा बसल्या होत्या. वॉर्डात त्या नेहमी आत असत.

नणंद त्यांना एका शब्दानंही बोलली नाही. घरी येताना फक्त एवढंच म्हणाली, "तुम्ही दिलंत म्हणून मी धरलं." त्यात दोष होता की स्वतःची समजूत, ते सिस्टरना कळेना. ती भांडली असती, ताट आपटलं असतं, निघून जाते म्हणाली असती, तर बरं झालं असतं. सिस्टर पाया पडल्या असत्या. पण तिनं भांडायला जागाच ठेवली नाही. चहा झाला का, दूध आलं का, एवढं ती नीट बोलायची. दुपारी मात्र तिच्या खोलीतून काहीच ऐकू यायचं नाही. ताटाकडे बघून उठून जाणं पुन्हा सुरू झालं.

सिस्टरनी औषधाचं कपाट रिकामं केलं. ताप आलेलं मूल कुणी घेऊन आलं तर त्या दारातूनच, डॉक्टरकडे न्या, म्हणून सांगू लागल्या. लोकांना वाटलं, बाईंचं वय झालं. वजन, माप, हिशेब सगळं अजून तोंडपाठ होतं. तेच तर भीतीचं होतं. सगळं बरोबर करूनच त्यांनी तो जीव घेतला होता, आणि हातून आणखी काय काय असं बरोबर होऊन बसेल, याची आता खात्री देता येत नव्हती.

पावसाळा सरता सरता नणंदेची दाढ दुखायला लागली. गाल टम्म सुजला. दुपारभर ती उशीत तोंड खुपसून कण्हत होती, आणि भिंतीपलीकडे सिस्टर येरझाऱ्या घालत होत्या. शेवटी राहवेना. त्या दुकानात जाऊन गोळी घेऊन आल्या, पाकिटावरचं अक्षर न् अक्षर वाचलं, दुकानदाराला दोनदा विचारून घेतलं आणि पाण्याचा ग्लास घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"वन्सं, एवढी गोळी घ्या. पोटात आहे ना काही?"

नणंदेनं डोळे उघडले. आधी गोळीकडे पाहिलं, मग त्यांच्या हाताकडे.

"राहू द्या, वहिनी."

"अहो, दुखतंय ना पण इतकं."

"दुखू दे," नणंद म्हणाली. आवाजात राग अजिबात नव्हता, उलट समजूत घातल्यासारखा मऊ होता. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. पण तुमच्या हातचं घ्यायची मला हिंमतच होत नाही हो."

तिनं कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा कण्हायला लागली. सिस्टरनी ग्लास खाली ठेवला नाही. आत जाणं त्यांना शक्य नव्हतं आणि तिथून हलवतही नव्हतं, म्हणून त्या तशाच दारात उभ्या राहून ऐकत राहिल्या.