खानदेशात बोंबील कोणी खात नाही

माझी नोकरी समुद्रातल्या माशांची आणि माहेर यावल तालुक्यातल्या केळीच्या बागांमधलं. आमच्या गावातून समुद्र बघायचा तर आधी सुरतेपर्यंत जायचं आणि पुढे कोणाला तरी विचारायचं. मला खरं म्हणजे कृषीला जायचं होतं. गुण कमी पडले, मत्स्यशास्त्राला जागा शिल्लक होती, तिकडे गेले. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. नानांच्या गळ्यात माळ, मंदिराच्या समितीचे ते अध्यक्ष, आणि आमच्या घरात कधी अंडंसुद्धा आलेलं नाही. त्यांनी गावात सांगून टाकलं की पोरगी पाण्याच्या खात्यात आहे. त्यामुळे कितीतरी वर्षं माणसं मला कालव्याचं पाणी कधी सुटणार ते विचारायला येत. मी अंदाजाने एक वार सांगायचे, आणि एकदोनदा तो खराही निघाला.

प्रत्यक्षात मी किनाऱ्यावर बंदराच्या धक्क्यावर उभी राहून माशांची लांबी मोजत होते. जाळ्यांची भोकं इतकी बारीक झाली होती की त्यातून पाणी तेवढं निसटायचं. बोंबील दरवर्षी आखूड होत चालला होता. माणसाच्या ताटात येण्याइतकं जे वाढलेलं नाही, ते सगळं ट्रकात भरून कोंबडीखाद्याच्या कारखान्यात जायचं. मोठा बोंबील बांबूंवर वाळत घालणाऱ्या बायका होत्या, पण त्यांचाही माल अवकाळी पावसात भिजला की त्याच ट्रकात चढायचा. यावर तोडगा काढायला खात्याच्या बैठका होत. अशा एका बैठकीत एक साहेब ‘लहान मासे वाचवा’ या विषयावर दीड तास बोलले, आणि मग जेवणात बशीत मावेल एवढं पापलेट आलं. मी सवयीने ते मोजलं. शाळेत घालायचंही वय झालं नव्हतं त्याचं. खाल्लं मात्र मी.

त्या बैठकांमधून एक कल्पना मात्र बरी निघाली. वाढलेला बोंबील स्वच्छ वाळवून आतल्या जिल्ह्यांत पाठवायचा. तिथे हक्काचं गिऱ्हाईक मिळालं की बायकांना भाव मिळेल, आणि नाववाल्यांना कोंबड्यांसाठी माशांची पिल्लं गाळायची गरज उरणार नाही. ज्या बाजारात मागणी असेल तिथे छप्पर आणि नळ असलेला ओटा बांधून द्यायचा, फक्त सुक्या मासळीसाठी. मला हे मनापासून पटलं होतं. आधी मागणीची पाहणी करायची होती. साहेब म्हणाले, ‘‘खानदेशात तुम्हीच जा. तुमचीच माणसं, तुमचीच भाषा.’’

अशी मी दोंडाईचाच्या बाजूच्या एका आठवडे बाजारात येऊन बसले. गावाचं नाव सांगत नाही, कारण गिऱ्हाइकं अजून हयात आहेत.

त्या बाजारात सुकी मासळी विकणारी एकच बाई होती. सगळे तिला अक्का म्हणत. तिची जागा तिला सासूकडून मिळाली होती आणि पुढे ती सुनेला द्यायची होती. पण बाजाराची नवी आखणी होणार होती. ओटा असलेले आत राहणार आणि वासाचा माल गावाबाहेर बायपासला जाणार, असं ठरलं होतं. आमच्या योजनेतला ओटा आला तर अक्का आत राहणार होती, नाहीतर बाहेर. हे तिला माझ्याआधी कळलेलं होतं. म्हणून पहिल्याच दिवशी तिने मला बसायला स्वतःची गोणी दिली आणि चहा मागवला.

अक्काची काम करण्याची रीत बघण्यासारखी होती. बोंबील आधी वर्तमानपत्रात, त्यावर केळीचं वाळलेलं पान, मग ते पुडकं पिशवीच्या तळाला आणि वर मेथीची जुडी. मेथी ती विकत नसे. शेजारच्या भाजीवालीकडून दर बाजाराला घेऊन ठेवायची, निव्वळ झाकायला. गिऱ्हाईक येऊन त्या भाजीवालीशी तोंडाने लसणाचा भाव करायचं आणि पाठीमागे हात नेऊन अक्काला बोटं दाखवायचं. एक बोट म्हणजे पावशेर. पिशवी मुकाट भरली जायची. गिऱ्हाईक लसूण महाग आहे म्हणून कुरकुरत निघून जायचं. साडेअकराच्या सुमाराला अक्काची टोपली रिकामी झालेली असायची, आणि साऱ्या बाजारात तिच्याशी कोणी एक शब्द बोललेलं नसायचं.

मी त्या पिशव्यांना गाठून प्रश्न विचारू लागले. ‘घरी सुकी मासळी खाता का?’ पांढऱ्या टोपीतल्या एका म्हाताऱ्याने दोन्ही कानांवर हात ठेवले. त्याच्या सात पिढ्यांत कोणी माशाला शिवलेलं नव्हतं. त्याच्या पिशवीतून मेथी डोकावत होती आणि मेथीला बोंबलाचा वास होता. धुळ्याहून आलेले एक निवृत्त गुरुजी म्हणाले, ‘‘मांजरीसाठी नेतो.’’

‘‘किती खाते?’’

‘‘अर्धा किलो.’’

‘‘महिन्याला?’’

‘‘आठवड्याला,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘मोठी आहे मांजर.’’

एक बाई म्हणाली, दीराला दमा आहे, त्याच्या उशाखाली ठेवायला. मी सगळं लिहून घेतलं. फॉर्मवर छापलेलंच होतं, ‘उत्तर देणाऱ्याचे म्हणणे जसेच्या तसे नोंदवावे.’ दोन महिने मी आजूबाजूचेही बाजार फिरले, पण अक्काच्या बाजाराच्या दिवशी तिच्याच शेजारी असायचे. धरणगावला तर एका माणसाने मला ‘मासे खाता का’ विचारल्याबद्दल शिवी घातली आणि फॉर्मवर त्याचा हात लागला तिथे बोंबलाचा चुरा राहिला. शेवटी माझ्या कागदांप्रमाणे खानदेशात सुकी मासळी फक्त मांजरी आणि दमेकऱ्यांच्या उशा खात होत्या.

‘‘काय निंघनं तुना कागदमा?’’ अक्काने विचारलं.

‘‘शून्य,’’ मी म्हटलं.

ती हसायला लागली. पदराने डोळे पुसेपर्यंत हसली. मग एकदम थांबली. ‘‘म्हनजे ओटा नही?’’

‘‘मागणी दिसली नाही तर नाही.’’

‘‘आठे पह्यले मनी सासू बसे, मंग मी. आते सूनले बसाडनं शे.’’ मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, ‘‘तुना बापले इचार ना.’’

‘‘माझ्या बापाला?’’

‘‘यावलना केयीवाला नाना. मिरची लेवाले येस. तुना तोंडवया बठ्ठा त्यासना शे.’’

तोंडवळा माझा सगळा नानांचाच, हे तिने बरोबर हेरलं होतं, आणि माझी पाचावर धारण बसली. नाना दरवर्षी तीनचारदा मिरची आणायला दोंडाईचाला जायचे, हे खरं होतं. तिकडची मिरची चांगली, सगळेच म्हणतात. जळगावहून गाडीत बसायचे आणि तिन्हीसांजेला मिरचीची पिशवी घेऊन परतायचे. आमच्या माळ्यावर मिरचीची पोती एकावर एक रचलेली असायची. आई म्हणायची, ह्या माणसाला मिरचीचं वेड लागलंय. आईला खरं काय ते माहीत होतं का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नानांना बागेतल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत गाठलं. स्टार्टरच्या पेटीमागे एक पत्र्याचा डबा होता. लहानपणापासून आम्हाला सांगितलेलं होतं की त्यात केळीवर मारायचं विष आहे, हात लावायचा नाही. मी हात लावला, झाकण उघडलं. नाना माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, ‘‘आता उघडलाच हाये त बस.’’

त्यांनी काटक्या पेटवल्या, चार बोंबील भाजले आणि दोन माझ्या हातावर ठेवले. आम्ही बाप-लेक उकिडवे बसून ते मीठमिरचीशी खाल्ले. मला ते नाना फार आवडले. इतकी वर्षं हा माणूस माझ्यासमोर नाकाने कांदे सोलत होता, याचा रागही आला नाही. माझ्या नोकरीबद्दल त्यांनी पहिल्यांदा काही विचारलं ते त्याच दुपारी.

‘‘पह्यले वीतभर राहे हा, आता बोटाएवढा झाला. मले सांग, घड भरल्याशिवाय आपन केयी कापतो का? मंग हे समुद्रवाले कवयं काहून कापता?’’

मी म्हटलं, ‘‘तुमच्या बागेला बांध आहे, नाना. समुद्राला नाही. मी आज मोठा व्हायला सोडलेला मासा उद्या शेजाऱ्याच्या जाळ्यात. मग कोण सोडेल?’’

‘‘मंग बांध घाला.’’

‘‘तेच सगळे म्हणतात. कोणी घालायचा, यावर बैठका चालू आहेत.’’

नाना हसले. दीड तासाच्या भाषणात साहेबांना जे धड सांगता आलं नव्हतं, ते या माणसाला दोन बोंबलांत कळलं होतं. मला वाटलं, झालं काम. मी फॉर्म काढला. एका प्रतिष्ठित केळी बागायतदाराने ‘हो, खातो’ म्हणून सही केली की त्याचं बघून आणखी दहा जण करतील. नानांनी चष्मा लावून फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि घडी घालून परत दिला.

‘‘सगयं खरं हाये. पन सही नाही.’’

‘‘अक्काची जागा जाईल.’’

‘‘वाईट वाटतं मले. चांगली बाई हाये. पन मी सही केली त उद्या मंदिरात नारय कोन फोडीन?’’

मी चिडले. म्हटलं, देवाला तुमच्या तोंडाचा वास येतच असेल. त्यावर त्यांनी डबा बंद केला आणि मोटार सुरू केली, म्हणजे आमचं बोलणं कोणालाच ऐकू येणार नाही.

किनाऱ्यावर परत येऊन मी अहवाल लिहायला बसले. शेवटच्या पानावर ‘निरीक्षकाचा शेरा’ असा एक मोठा रकाना होता. तिथे मला काहीही लिहिता आलं असतं. लोक नाही म्हणतात पण साडेअकराला टोपली रिकामी होते, एवढं एक वाक्य पुरलं असतं. नानांचं नाव घालायचीही गरज नव्हती. मी ‘निरंक’ लिहिलं. तेव्हा स्वतःला सांगितलं की नियम म्हणजे नियम. खरं कारण असं की साहेब विचारतील, हे तुम्हाला कसं कळलं, कोणाला पाहिलंत, तुमच्या घरी खातात का, आणि मला त्यांच्यासमोर खरं सांगावं लागेल. कार्यालयात मी शुद्ध शाकाहारी घरातून येऊन माशांची सेवा करणारी बाई होते. त्याचं कौतुक व्हायचं आणि मला ते आवडायचं.

ओटे दुसऱ्या जिल्ह्यांना गेले, आणि तिथे माल दुसऱ्या बंदरांतून जायचा. बोंबील वाळवणाऱ्या बायकांनी धक्क्यावर मला विचारलं, ‘‘तुमच्या गावाकडे जाणार ना आमचा माल?’’ मी म्हटलं, आमच्याकडे कोणी खात नाही. सरकारी पाहणी होती, त्यांनी विश्वास ठेवला. पुढच्या हंगामात त्यांतल्या दोघींनी वाळवणीचे बांबू विकून टाकले आणि कोंबडीखाद्याच्या कारखान्यात कामाला लागल्या.

गेल्या थंडीत मी त्या बाजारात पुन्हा गेले. अक्का बायपासला, उघड्या माळावर गोणी टाकून बसलेली होती. दुपार झाली तरी टोपली भरलेली. तिथे ना लसूणवाली होती ना गर्दी. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक बसमधून तिच्यासमोर कोण उभं आहे ते स्वच्छ दिसत होतं, मग उभं कोण राहणार? सून कापूस वेचायला जायला लागली होती.

‘‘नाना येतात का?’’ मी विचारलं.

‘‘एक दिन उना व्हता. रिक्षा थांबाडी नही. दखत दखत निंघी गया.’’

मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, अक्का, लोकच खोटं बोलले, सही कोणी केली नाही, मी तरी काय करणार होते?

‘‘लोके डरनात. त्यासले घरदार शे, देव शे,’’ अक्का म्हणाली. ‘‘तू ते नोकरीवाली. दोन महिना मना शेजारे बसनी. टोपली रिकामी व्हतांना तुन्ही दखी. तू कसाले नही लिखं?’’

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. मी उठून उभी राहिले आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात वळणावरून जळगावची पाटी लावलेली बस आली. मी चटकन पदर डोक्यावर ओढला आणि रस्त्याकडे पाठ केली, कोणी ओळखीचं बघू नये म्हणून. बस गेल्यावर वळून पाहिलं तर अक्का माझ्याकडेच बघत होती.