साडूभाऊ समुद्रात उतरतात

आमचे साडूभाऊ हयात असेपर्यंत या पृथ्वीवरची कुठलीही वस्तू बेवारस राहू शकत नाही, असं माझं ठाम मत आहे. रेल्वे स्टेशनवर 'लावारिस सामान दिसल्यास कळवा' अशी सूचना होते ना, ती त्यांना स्वतःचा अपमान झाल्यासारखी लागते. लावारिस कसं? आम्ही मेलो का? माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. वडील भंडाऱ्याकडची शेती सोडून भिलाईत आले, आणि साडूभाऊंचा उभा जन्म इथल्या प्लांटात, कोक ओव्हनच्या धगीत गेला. तिथून त्यांनी घरी आणलं काय, तर एक नियम. शिफ्ट संपल्याचा भोंगा वाजला तरी आपल्या जागी दुसरा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही. तो आला की काय चालू आहे, काय बंद आहे, कशावर डोळा ठेवायचा हे त्याला तोंडी सांगून चार्ज द्यायचा, आणि मगच सायकलकडे वळायचं. नियम उत्तमच आहे. पेटत्या भट्टीला तो शोभतो. अडचण एवढीच झाली की रिटायर झाल्यावर साडूभाऊंनी तो दुधाच्या पातेल्याला लावला.

एकदा ताई, म्हणजे माझी मेव्हणी, "जरा दुधाकडे पाहा" असं म्हणून शेजारी कोथिंबीर मागायला गेल्या. आता भिलाईच्या क्वार्टरांमध्ये कोथिंबीर मागायला गेलेली बाई कोथिंबीर घेऊन लगेच परतते, असं मानणारा माणूस एकतर नवा असतो नाहीतर अविवाहित. इकडे दूध तापलं, वर आलं, साडूभाऊंनी गॅस बंद केला. दूध निवलं. त्यावर साय धरली. साडूभाऊ ओट्यापाशी उभेच. ताई आल्या आणि दारातच थबकल्या. "अवो, तुमी अजून इथंच?"

"तू रिलीव्ह कुठं केलं?" साडूभाऊ म्हणाले. "दूध बंद हाय. साय आली. मांजर एकदा येऊन पाहून गेली, पुन्हा येईन. घे चार्ज."

हे झालं घरातलं. बाहेर तर विचारू नका. भिलाईतल्याच हुडको वसाहतीत माझ्या पुतण्याचं लग्न होतं. वरात मांडवाशी आली, नवरदेव घोड्यावरून उतरला आणि घोडेवाल्याने शेजारच्या सभ्य गृहस्थाच्या हातात लगाम दिला. "भैया, एक मिनट पकड़ना." ते सभ्य गृहस्थ कोण, हे सांगायला नको. वरमाला झाली, मंगलाष्टकं झाली, फोटो झाले, पंगती उठू लागल्या, आणि मांडवाच्या दारात फेटा बांधलेले साडूभाऊ आणि मोत्यांच्या माळा घातलेलं घोडं एकमेकांकडे पाहत उभे. नवरीच्या एका काकांनी जवळ जाऊन "पुढच्या महिन्यात मोकळे आहात का, आमच्याकडे एक वरात आहे," अशी चौकशी केली. साडूभाऊंनी अजिबात न रागावता सांगितलं, "तो येऊन राहिला, त्याले विचारा. मी रिलीव्हर हाव." घोडेवाला आत आमच्याच पंगतीत बसून जिलेबी खात होता. मीच त्याला आग्रहाने वाढली होती. मला तो नवरीकडचा पाहुणा वाटला.

अशा माणसाला घेऊन प्रवासाला निघणं म्हणजे काय, हे ताईंना विचारावं. गोंदियाच्या एका साखरपुड्याला जाताना दुर्गच्या प्लॅटफॉर्मवर एका खेड्यातल्या माणसाने "कका, थोकन सामान ला देखत रहिबे" म्हणून पेटी साडूभाऊंच्या पायाशी ठेवली, आणि तो पाणी भरायला गेला. आमची गाडी आली, आम्ही चढलो, गाडी हलली, आणि खिडकीतून आम्हाला पेटीशेजारी ताठ उभे असलेले साडूभाऊ लहान लहान होत जाताना दिसले. ताई पुढची दोन स्टेशनं बोलल्या नाहीत. साडूभाऊ मागच्या गाडीने पोचले तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या. त्यांची तक्रार गाडीबद्दल नव्हतीच. "पेटी उचलून सीधा निघून गेला बाप्पा! पाह्यलं का, झालं का, काई विचारन्याची पद्धतच नाई!"

म्हणून विशाखापट्टणमची सहल ठरली तेव्हा सगळ्यात जास्त भीती ताईंना होती, आणि सगळ्यात जास्त हौसही त्यांनाच. दुर्गच्याच एका सहलवाल्याची छोटी टूर होती. गाडीने जायचं, तिथे बस आणि गाइड, डोंगरावरची बाग, अरकूच्या दरीतले कॉफीचे मळे, गुंफा, आणि शेवटी समुद्रकिनारा दाखवून परत. ताईंनी गाडीतच माझ्या बायकोला मनातलं सांगितलं. मी वरच्या बर्थवर झोपलेला आहे असं त्यांना वाटत होतं.

"मले काई समुद्र पाहाचा नाई वो," त्या म्हणाल्या. "टीव्हीवर लय पाह्यला. मले यायच्यासंगं त्याच्यात उभं राहाचं हाय. लग्न झालं तवा म्हणे, पुरीले नेतो. मग कवा यायची ड्यूटी, कवा पोराची परीक्षा. आता डॉक्टर म्हणून राहिला, दिवाळीनंतर दोन्ही गुडघे बदलू. त्याच्यानंतर रेतीत कोन उतरू देते मले? आता झालं तं झालं."

"होईन ना ताई," माझी बायको म्हणाली. "जिजाजी कुठं पळून चालले?"

"पळत नाई, हेच तं दुखनं हाय," ताई म्हणाल्या.

विशाखापट्टणमला उतरलो आणि ताईंनी साडूभाऊंचा कोपर जो धरला तो बसमध्ये बसेपर्यंत सोडला नाही. पण बसमधल्या लोकांपासून कोण वाचवणार? आमच्याबरोबर भिलाई-३ची एक भलीमोठी शाळामास्तरीण होती, दुबे मॅडम. डोंगरावरच्या बागेत पोचताच त्यांनी साडूभाऊंच्या चेहऱ्यावर काय वाचलं देव जाणे, आपली पिशवी त्यांच्यापुढे केली. "दादा, ज़रा देखिएगा, हम फोटो खिंचवा के आते हैं." झालं. त्या बागेची खासियत अशी की कठड्याशी उभं राहिलं की खाली अख्खा किनारा वळण घेत गेलेला दिसतो. माणसं तिथे जाऊन 'अहाहा' करत होती. साडूभाऊ बाकाशी पिशवीकडे तोंड करून उभे होते, म्हणजे समुद्राकडे त्यांची पाठ होती. मी म्हटलं, "साडूभाऊ, नुसती मान तर वळवा!" त्यावर ते म्हणाले, "मान वळवली का पिशवी गेली समजा."

दुसऱ्या दिवशी अरकूला ही बातमी बसभर झाली होती. लोक खाली उतरायच्या आधीच साडूभाऊंना शोधू लागले. कुणाची शाल, कुणाच्या इडल्यांचा डबा, कुणाची काठी. कॉफीच्या मळ्यात गाइड ती लाल फळं दाखवत होता आणि साडूभाऊ मळ्याच्या फाटकाशी शाली, डबे आणि काठ्या घेऊन एखाद्या संस्थानच्या भालदारासारखे उभे. गाइडने, तो एक हसरा तेलुगू तरुण होता, शेवटी आपली झेंडी आणि शिट्टीसुद्धा त्यांच्याकडे दिली आणि स्वतः चहा प्यायला गेला. आणि खरं सांगायचं तर साडूभाऊ खूष होते. रिटायर झाल्यापासून इतकी माणसं त्यांच्या भरवशावर कधी निर्धास्त हिंडली नव्हती. ताईंनी कॉफीच्या झुडपाशेजारी एकट्याने फोटो काढून घेतला. फोटोत त्या झुडपाकडे पाहत नाहीयेत, फाटकाकडे पाहताहेत. मी काढला म्हणून तो थोडा हलला आहे, पण एवढं दिसतं.

शेवटचा दिवस किनाऱ्याचा. तिथून थेट स्टेशन. बसमधून उतरताना गाइडने सांगितलं, "आधा घंटा. सीटी बजेगी तो सब बस में." आणि सगळ्या बसने एकदिलाने चपला, मोबाइल आणि चष्मे काढून साडूभाऊंच्या भोवती ठेवले. रेतीत चपलांचा हा ढीग झाला आणि त्याच्यामध्ये बुटमोजे घातलेले साडूभाऊ.

ताई पाण्याच्या रेघेपर्यंत हळूहळू गेल्या. माझी बायको सोबत होती, तिला त्यांनी हाताने मागे थांबवलं. लुगडं घोट्यापर्यंत उचलून त्या नुसत्या उभ्या राहिल्या. लाट जवळ आली की मागे सरायच्या. एकदा वळून ढिगाकडे पाहिलं. हाक मारली नाही. एवढ्या वर्षांत त्या हाक न मारायला शिकल्या होत्या.

माझी बायको तरातरा माझ्याकडे आली. "काय बघून राहिले? जा ना! त्यायले काढा तिथून!"

मी गेलो. "साडूभाऊ, तुम्ही जा. मी पाहतो चपला."

त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "तुमी?" ते म्हणाले. "काल गुंफेत सोताचा चष्मा कोनं सोडला होता?"

"मिळाला ना तो?"

"मले मिळाला. तुमाले नाई."

दुर्गच्या कचेरीत मी इतकी वर्षं कारकुनी केली, पण तिथेही साहेब मला महत्त्वाची फाइल देताना आधी दुसऱ्या टेबलाकडे बघतात. मी म्हटलं, ताई वाट पाहताहेत. ते म्हणाले, मले दिसून राहिलं. मी म्हटलं, मग? त्यांचे डोळे पाण्याकडे जाऊन परत चपलांवर आले तेव्हा मला पहिल्यांदाच समजलं की या माणसाला जायचं होतं. फार जायचं होतं. फक्त कसं जायचं, ते त्याला एकाच पद्धतीने येत होतं.

मी सरळ उभा राहिलो. पोट जितकं आत जाईल तितकं आत घेतलं. आणि म्हटलं, "रिलीव्हर आलो आहे. काय चालू, काय बंद, सांगा."

साडूभाऊंचा चेहरा मला सांगता येणार नाही. आधी त्यांनी मी थट्टा करतोय का ते पाहिलं. मग घसा साफ केला. "हे जांभळी दुबे मॅडमची. पट्टा ढिला हाय, उचलाची नाई. त्या पिशवीत बाटली हाय, आडवी नाई करायची. मोबाइल सगळे टोपीखाली, वाजले तं उचलाचे नाई, वाजू द्यायचे. लाट लंबी आली तं ढीग इकडे सरकवाचा, पायानं नाई, हातानं. आन तो भुरा कुत्रा दिसते ना? त्याची नियत खराब हाय. बाकी सब नॉर्मल." जरा थांबले. "चार्ज घेतला?"

"घेतला."

"पक्का?"

"जा हो आता!"

ते रेतीत बसले, बूट काढले, मोजे काढले, मोजे घडी करून बुटात ठेवले आणि बूट माझ्याकडे दिले. जन्मभर जाड बुटांत राहिलेले त्यांचे पाय दुसऱ्याच कुणाचे असावेत इतके गोरे होते. नवं चालायला शिकल्यासारखे ते रेतीतून गेले. ताईंना ते शेजारी येईपर्यंत कळलंच नाही. मग लाट आली, दोघांच्या पायांखालची रेती सरकली आणि साडूभाऊ सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं ओरडले, "अवं धर, धर! जमीन जाऊन राहिली!" आणि ताई हसल्या. अशा हसल्या की माझी बायको म्हणाली, "माहेरी हसे तशी हसून राहिली."

नेमक्या त्याच वेळी भुऱ्या कुत्र्याने एवढ्या ढिगातून एक चप्पल निवडली, तीही माझी, आणि तो निघाला. मी दोन पावलं धावलो आणि थांबलो. मागे ढीग होता. मी परत फिरलो आणि माझी चप्पल रेतीवरच्या एका होडीच्या पलीकडे दिसेनाशी होईपर्यंत तिला जागेवरूनच निरोप दिला.

शिट्टी झाली. लोक आले, पाय झटकत चपला शोधू लागले. गाइड माझ्याकडे आला. "अंकल, वो दोनों को बुलाइए ना, ट्रेन का टाइम है."

"मी जागा सोडू शकत नाही," मी म्हटलं आणि मग त्याला कळावं म्हणून हिंदीत सांगितलं, "चार्ज मेरे पास है. रिलीवर नहीं आया."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. शिट्टी पुन्हा तोंडाशी नेली आणि खिशात टाकली. दुबे मॅडम म्हणाल्या, "पाँच मिनट रुक जाइए भैया, कौन सा स्टेशन भाग रहा है," आणि तिथेच रेतीत बसल्या. मग एकेक करून सगळी बस बसली.

ती दोघं गुडघ्यापर्यंत पाण्यात उभी होती. साडूभाऊंनी ताईंच्या पाठीमागून हात नेऊन त्यांचा दंड धरला होता. वाऱ्यात ताईंचा पदर उडून साडूभाऊंच्या तोंडावर येत होता आणि ते तो बाजूला करत नव्हते. त्यांच्या मागे किनाऱ्यावर अख्ख्या बसच्या चपला, मोबाइल, चष्मे आणि माझ्यासारखा माणूस होता. मी वाट पाहत राहिलो, आता वळतील, मग वळतील.

साडूभाऊंनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.