ब्रेक किती वेळा दाबायचा?

इंजिनाचे किस्से फारसे होत नाहीत. इंजिन बिघडलं की गाडी उभी राहते, माणूस चार शिव्या घालतो, विषय संपतो. ब्रेकचं तसं नाही. ब्रेक बिघडला तरी गाडी चालते! आणि चालते म्हणून माणूस चालवत राहतो. मग किस्से साठायला कितीसा वेळ लागणार?

ओतूरला एसटी स्टँडच्या मागं माझं गॅरेज. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षं आसपासच्या गावांतल्या जुन्या पिकअप माझ्याकडंच यायच्या. टोमॅटो, कांदा भरून ही मंडळी माळशेज घाट उतरून कल्याणला जायची. भरलेली गाडी घाटात थांबली नाही तर काय होतं, ते मी सांगायला नको. त्यामुळं बाकी कशाचीही चेष्टा करा, ब्रेकच्या बाबतीत मी चिडायचो. लोक म्हणायचे, "शकीलभाई, ब्रेकच्या ड्रमच्या आधी तुमचं डोकं तापतंय!"

*

पिंपळवंडीच्या चार चुलतभावांत मिळून एक पिकअप होती. पाळीपाळीनं चालवायचे. पेडल मऊ पडलेलं, दोन-तीनदा मारल्याशिवाय ब्रेक लागायचा नाही. पाइपात हवा शिरली होती, तासाभराचं काम. पण यांनी काय करावं? एकमेकांना किल्ली देताना आकडाही द्यायला लागले!

"ही घे किल्ली. आज तीन."

"काल तर दोन व्हते की!"

"काल गाडी रिकामी व्हती."

हे संभाषण मी चहाच्या टपरीवर स्वतःच्या कानांनी ऐकलं, किल्ली हिसकावून घेतली आणि त्याच दिवशी हवा काढून ब्रेक चोख करून दिला.

दुसऱ्या दिवशी चौघंही दारात हजर. थोरल्यानं सवयीनं दणका दिला होता आणि ब्रेक पहिल्याच दाबाला लागला होता. मागचे क्रेट केबिनवर आदळले, आणि क्रेटवर बसलेला धाकटा टोमॅटोनं लालभडक!

"शकीलभाई, ह्यो एकावरच लागतोय," थोरला काकुळतीला येऊन म्हणाला. "आमाला न्हाई जमायचं. निदान दोनवर तरी आनून ठिवा!"

*

खोडदच्या बबनरावांची तक्रार वेगळीच. ब्रेक दिवसभर ठणठणीत, फक्त त्यांच्या गावाजवळ आलं की लागत नाही.

"त्या दुर्बिणीच्या तबकड्या हायेत ना, त्यांचं काम हाय ते," बबनराव म्हणाले. "त्या आभाळातलं वढून घेत्यात, माझा ब्रेक काय सोडत्याल व्हय?"

खोडदच्या त्या रेडिओ दुर्बिणीवरच नोकरीला असलेले एक साहेब नेमके स्कूटर घेऊन गॅरेजात बसले होते. त्यांनी कपाळाला हात लावला.

मी बबनरावांबरोबर गाडीत बसून गेलो. गावाच्या अलीकडं रस्त्यावरून कालव्याचं पाणी वाहत होतं, आणि हे गडी त्यातून निम्मी चाकं बुडवून गाडी काढायचे. ड्रममध्ये पाणी गेलं की ब्रेक धरणार कसा? म्हटलं, पाणी ओलांडलं की थोडं हळू चालवा आणि पेडल हलकं दाबत राहा, आपोआप वाळतं.

आठवड्यानं परत आले. "बराबर बोललात. पानी कुटनं येतंय म्हनून बगत वर गेलो, तर कालव्याची चारी फुटलेली. माझ्याच वावरातली!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "पन राव, कुनाला सांगू नका. गावात तबकड्यांचंच चालू ऱ्हाऊ द्या!"

*

एक ड्रायव्हर आळेफाट्यापासून नुसत्या हँडब्रेकवर गाडी घेऊन आला. पेडल खालीच जात नव्हतं. मी वाकून आत हात घातला आणि पेडलखाली अडकलेला कांदा बाहेर काढला. एवढं दाबूनही फुटला नव्हता!

मला वाटलं गडी शरमेल. त्यानं कांदा हातात घेऊन फिरवून बघितला आणि अभिमानानं म्हणाला, "गरवा वान हाय आपला, टनक!"

*

माझ्या हाताखाली तेव्हा कोणी नसायचं. ब्रेकची हवा काढायला दोन माणसं लागतात, एक चाकापाशी आणि एक पेडलवर. पेडलवर मी गिऱ्हाइकालाच बसवायचो.

सुदाम म्हणून एक शेतकरी होता. त्याचं म्हणणं, पेडल दाबून ठेवलं की हळूच खाली बसतं. मी कितीदा दाबून बघितलं, मला काही सापडेना. एक दिवस तो बाजारात गेलेला, म्हणून त्याच्या बायकोला, पार्वतीवहिनींना, सीटवर बसवलं. म्हटलं, "दाबा. हां, आता धरा!"

मी चाकापाशी हवा काढायचं निपल उघडणार तेवढ्यात स्टँडवर एसटीचा हॉर्न वाजला. त्या गाडीनं पुण्याहून माझं पार्सल येणार होतं. धावत गेलो. पार्सल घेतलं, कंडक्टरबरोबर चहा घेतला, गप्पा झाल्या. अर्ध्या तासानं परत येऊन बघतो तर वहिनी तशाच बसलेल्या. डोक्यावर पदर, पाय पेडलवर!

"अहो वहिनी, अजून?"

"तुमीच धरा म्हनलात. सोडा कुटं म्हनलात? पन भाऊ, मी दाबत न्हाई तरी पाय आपसूक खाली चाललाय बगा."

पेडलमागचा, ब्रेकचं ऑइल रेटणारा मास्टर सिलेंडर आतल्या आत गळत होता! मी आपला दहा सेकंद दाबून सोडत होतो. मी हात जोडले, वहिनींचं तोंडभरून कौतुक केलं, सिलेंडर म्हणजे काय तेही समजावून सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आता सोडू का?"

*

गेनूतात्या आंबेगाव तालुक्यातले, घोडेगावच्या वरच्या अंगाचे. मधली सगळी गॅरेजं सोडून माझ्याकडं यायचे. सत्तरीला टेकले होते, तरी गाडी स्वतः चालवायचे. मुलगा पुण्यात नोकरीला. तो "आता गाडी बंद करा" म्हणून मागं लागलेला. तात्या म्हणायचे, "स्टेअरिंग सुटलं की मानूस वट्यावर बसला म्हनून समज."

त्यांची तक्रार एकच, पेडल कडक झालंय. मी दाबून बघायचो तर लोण्यासारखं! पायाचा जोर वाढवणारा बूस्टर तपासला, त्याची नळी बदलली. तरी दोन महिन्यांत तिसऱ्यांदा आले. पेडल कडकच! या खेपेला मुलगा बरोबर होता.

म्हटलं, तात्या, तुम्ही दाबा, मी बघतो. तात्यांनी दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले आणि पाय खाली रेटला. पेडल ठणठणीत होतं. पाय थकला होता. भरलेली गाडी, डोंगराचा उतार आणि हा पाय! सांगायला तर हवंच होतं, पण कसं सांगणार?

मुलगा सीटवर चढला, त्यानं पेडल दाबलं, पुन्हा दाबलं आणि तो खाली उतरला. तात्यांनी मला गाडीच्या मागं नेलं.

"शकीलभाई, दुरुस्त व्हनार न्हाई म्हन."

"तात्या, पेडलला काही..."

"मला ठावं हाय. तू म्हन. गाडीवर ढकल."

मी पुढं आलो आणि मोठ्यानं म्हणालो, "ही गाडी आता तात्यांनी चालवायची नाही. पेडल कडक झालंय, आणि याचा पार्ट आता मिळत नाही."

मुलानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा तात्यांच्या गुडघ्याकडं.

"व्हय तात्या," तो म्हणाला, "लई कडक हाय. मला बी दाबंना."

मुलगा स्टेअरिंगवर बसला. तात्या पलीकडच्या दारानं चढले. चौकात एसटी आडवी आली आणि गाडी जागच्या जागी थांबली. तात्यांनी खिडकीतून मागं वळून माझ्याकडं बघितलं. मग आत वळून मुलावर असे खेकसले की सगळ्या स्टँडला ऐकू गेलं.

"बेतानं हाक रं! पेडल कडक हाय!"