ताण्याचं दुसरं टोक

सोलापुरात आमच्या बोळात विणकरांची वस्ती; मी एकटा शाळामास्तर. सकाळी मागावर चढवायच्या उभ्या सुतांचा लांबलचक ताणा पसरायला अख्खा बोळ लागायचा, म्हणून घराघरांच्या पाळ्या ठरलेल्या होत्या.

त्याच बोळातून एक ख्रिस्ती माणूस रोज चर्चची घंटा वाजवायला जाई. अंगात जुना खाकी कोट, डावी बाही रिकामी, खिशात खोचलेली. हात पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या लढाईत गेला होता आणि धाकटा भाऊही. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

नोव्हेंबरात चर्चमध्ये लढाईत कामी आलेल्यांसाठी प्रार्थना असे. त्या दिवशी तो कोटाला फूल लावून परतत होता. बोळात पाळीवरून दोन शेजाऱ्यांनी एकमेकांवर काठ्या उगारल्या होत्या. तो सरळ मधे जाऊन उभा राहिला. एक काठी त्याच्या खांद्यावर बसलीच.

"आनि मारा की. येसूनं मारनाऱ्यास्नी माफ केलं. पन मी हितनं हलनार न्हाय."

मी दारातून ओरडलो, "अहो, बाजूला व्हा! तुमचं काय अडलंय?"

"गुर्जी, नुसतं फूल लावून भावाची आठवन हुती व्हय?"

त्यानं वाकून खाली अर्धवट पसरलेल्या ताण्याचं एक टोक उचललं आणि ज्याची काठी बसली होती त्यालाच म्हणाला, "धर तिकडनं."

ताणा दुसऱ्या शेजाऱ्याचा होता. त्या गड्यानं काठी टाकली. मग वाकून दुसरं टोक धरलं.

पुढं कधीही भांडण पेटलं की तो खाकी कोटवाला येऊन असंच एक टोक धरी. हात एकच, दुसरं टोक धरायला भांडणाऱ्यालाच पुढं यावं लागे.