चमच्यातलं दही

आमच्या भावजींनी लहान करून पाहिली नाही अशी वस्तू या जगात नाही. हे माझे धाकटे दीर. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत असतात, पन्नाशी उलटली तरी सडेफटिंग, आणि सुट्टी मिळाली की बोर्ली पंचतनला आमच्याकडे. एकदा मी विरजण लावलं, तर भावजींनी त्यातलं दूध वाटीत, झाकणात आणि शेवटी चमच्यात काढून ओळीने मांडलं आणि दिवसभर चमचा कलता करून बघत बसले. "वहिनी, चमच्यातलं नेमकं कधी लागलं, सांगता येईल?" मला दह्याचं काही नव्हतं, चमचा हवा होता.

त्यांचं काम त्यांनी मला आमच्याच सुपाऱ्यांवर समजावलं. काही पदार्थ अतिशय थंड केले की वीज त्यांतून बिनअडथळा जाते. चुंबकाजवळ नेले की आत विजेचे बारीक भोवरे शिरतात आणि शिस्तीत रांगा धरतात. सुपाऱ्या म्हणजे भोवरे. परातीत हलवल्या, तर मधल्या सुपाऱ्या मधमाश्यांच्या पोळ्यातल्या घरांसारख्या बसल्या. बशीत मोजक्याच घातल्या, तर काठाला धरून गोल.

"मोठ्या तुकड्यात ऊब वाढली की रांगा एकदम मोडतात, बर्फ वितळावा तशा. तुकडा फार लहान असला की काठाचंच राज्य. मोडल्या कधी, कळतच नाही. किती भोवरे उरेपर्यंत त्याला वितळणं म्हणायचं, तेवढं मला शोधायचंय."

वाडीत काम करणारे रामामामा पायरीवरून म्हणाले, "दादानू, यवढं शिकून सुपाऱ्याच हलवता व्हय?"

"व्हय मामा. पगार त्याचाच हाय."

मी निवडून ठेवलेल्या सुपाऱ्या त्यांनी सगळ्या एकत्र करून ठेवल्या. त्या पुन्हा निवडण्यात माझी दुपार गेली.

गेल्या गणपतीत घरात आम्ही पाचच होतो. पूर्वी माजघर भरलेलं असे; एक आरती संपली की सगळे एकदम दुसरीत शिरत. आता दोघे पहिलीतच आणि तिघे दुसरीत. भावजी टाळ्या विसरून कान देऊन उभे. आरतीनंतर आमचे हे म्हणाले, "पुढल्या वर्षीपासून गणपती मुंबईला, पुतण्याकडे नेऊ. इथे राहिलंय कोण?" मोदक मलाच करावे लागतात, तेव्हा मी मान डोलावली. देवाला कधी हात न जोडणारे भावजी तेवढं म्हणाले, "पाचांत होत नाही का?"

मूर्तीसाठी आमचा पाट दर आषाढात म्हसळ्याच्या कारागिराकडे जातो. यंदा तो माळ्यावरच होता. एका रविवारी भावजी न कळवता आले, पाट खाली काढून पुसत बसले. मी मनाशी हिशेब केला आणि म्हटलं, "न्यायचाच तर सुताराकडून लहान करून घेऊ. मूर्ती लहान, काम कमी. तुमचाच तर विषय."

पाट त्यांनी गुडघ्यावर तसाच धरून ठेवला. "नको वहिनी. हा लहान करून नाही बघायचा."

आमच्या यांनी गाडी काढली.

कारागीर म्हणाला, "काकी, पाट तोच? हल्ली सगळी बारकीच मूर्ती सांगतात."

"तोच," मी म्हटलं. "मागच्याएवढीच करा."

भावजी शेजारी उभे होते. पाट कारागिराने त्यांच्याकडून घेतला, तरी त्यांचा हात तसाच पुढे होता.