साखरेची पिंपळपानं

क्रीमचा केक तुमसर ओलांडायच्या आत खाली बसला असता. मे महिना, आमचं भंडाऱ्याचं ऊन, आणि जायचं होतं चिखल्याहून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीला. म्हणून शेजारच्या काकूंनी रॉयल आयसिंगच ठरवलं. अंड्यातला पांढरा भाग, दळलेली साखर, थोडा लिंबाचा रस. फेटून फेटून घट्ट करायचं. वाळलं की ते उन्हाला भीत नाही.

गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. चिखल्याच्या खाण कॉलनीत मी नवीन होते. माहेर रत्नागिरीकडचं, शाळा आठवीतच सुटलेली, नवरा खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर. तो फेरीवर गेला की घरात मी आणि माझी धास्ती, दोघीच. शेजारच्या काकूंनी ते ओळखलं असावं. एक दिवस दारातूनच म्हणाल्या, "कायले एकटी बसून राहिली वं? ये, साखर चाळू लाग."

त्या दिवशी गेले, ती रोजच जायला लागले.

काकू तरुणपणी खाणीच्या साहेबांच्या बंगल्यावर स्वयंपाकघरात होत्या. तिथल्या आचाऱ्याचं बघून बघून त्या हे शिकल्या. साखर मिक्सरमधून काढायची, मलमलच्या ओढणीतून दोनदा चाळायची, कारण एक बारीक खडा राहिला तरी आयसिंग सोडायच्या कागदी कोनाचं तोंड बंद होतं. आयसिंग झालं की नाही ते बघायला त्या भांडं स्वतःच्या डोक्यावर पालथं धरायच्या आणि माझ्याकडे बघून हसायच्या. आतलं तसूभर हलत नसे. श्वास अडकायचा तो माझा.

दिघोरीला काकूंच्या भाचीचं लग्न होतं. नवरीचा बाप, म्हणजे काकूंचा भाऊ, म्हणाला, केक लाखांदूरहून आणू. काकूंनी फोनवरच त्याला गप्प केलं, "माह्या भाचीचा केक माह्या घरूनच येईन." तो म्हणाला, "एवढ्या उन्हात? पाहजो बाई, मांडवात हसं नको होऊ देऊ." फोन ठेवला आणि काकूंनी साखरेचा डबा पुढे ओढला. माहेरी दिलेला शब्द म्हणजे काय असतं, ते मला कुणी सांगायला नको होतं.

एकावर एक ठेवायचे फळांचे तीन केक भाजून झाले. त्यांवर वाटलेल्या काजूचा पातळ थर दिला, म्हणजे केकचा तपकिरी रंग वर येत नाही. त्यावर पांढऱ्या आयसिंगचे दोन हात झाले. फक्त पानं राहिली होती. बौद्ध पद्धतीचं लग्न, नवरी पांढऱ्या साडीत, म्हणून केकवर पांढरीच पिंपळपानं. आणि नेमक्या तेव्हा काकू मोरीत घसरल्या. उजवं मनगट सुजून टम्म.

"आता तूच," त्या म्हणाल्या.

मी तोवर ताटलीच्या काठावर ठिपके सोडून काही काढलं नव्हतं. "काकू, माझ्याच्यानं नाही होणार. हात थरथरतो माझा."

"थरथरते तं थरथरू दे. पिंपळाच्या शिरा का पट्टीनं आखल्या हायेत?"

त्यांनी खरं पान बटरपेपरखाली ठेवलं. मी वरून आयसिंगची रेघ सोडत गेले. पहिलं पान भोपळ्याचं वाटलं. काकूंनी ते सरळ तोंडात टाकलं. "चवीले पिंपळच हाय," म्हणाल्या. मग मात्र हात चालला. कागद खाटेवर मांडले, मुंग्या चढू नयेत म्हणून खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, आणि मागच्या तापलेल्या खोलीचं दार ओढून आम्ही जेवायला बसलो.

काका खाणीतल्या पंपावर कामाला. पहिली पाळी संपवून ते घरी आले ते मागच्या दारानं. आम्ही हात धुऊन खोलीत गेलो, तर आत छान गारवा. वाळ्याचा वास. काकांनी कूलर ओढून आणून खाटेकडे तोंड करून लावला होता. पानं ओलसर हवेनं चिकट होऊन कागदावर पसरली होती. शिरा बुजल्या होत्या.

"मले वाटलं, गरमीनं पिघलून जातीन बिचारे," काका म्हणाले.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. लग्न उद्यावर, आणि काकूंचा हात तर उचलत नव्हता. मी काकूंकडे बघायचं टाळलं. मला वाटलं, आता त्या ओरडतील, नाहीतर लाखांदूरला फोन लावायला सांगतील.

काकूंनी कमरेवर हात ठेवला. "खाणीतलं पानी बाहेर काढाची तुमची डूटी, अन् घरी येऊन माह्या पानाईवर पानी सोडून राहिले!"

काका आधी ओशाळले, मग त्यांनाच हसू आलं. काकूही हसल्या. त्या हसण्यानं मला जो धीर दिला, तो मी अजून विसरले नाही. "जा, अंडे घेऊन या," त्यांनी काकांना पिटाळलं, आणि डाव्या हातानं साखर चाळायला बसल्या. अर्धी साखर पदरावर सांडत होती, तरी चाळणी थांबली नाही. मी फेटलं. भांडं डोक्यावर पालथं धरायला मात्र मी तयार होईना, तर त्यांनी ते काकांच्या डोक्यावर धरलं. काका डोळे मिटून उभे राहिले.

दुसऱ्यांदा काढलेली पानं आधीपेक्षा बरी आली. आमच्या रत्नागिरीकडे ती दोन दिवसांतही वाळली नसती. इथे, ज्याच्या नावानं मी रोज बोटं मोडायची त्या उष्म्यात, दिवेलागणीला ती कागदावरून सुटी झाली. काका तोवर दाराबाहेर वर्तमानपत्रानं वारा घेत बसले होते. कूलरला त्यांनी हात लावला नाही.

सकाळी केक घेऊन जीपमधून निघालो. पानं कापूस घातलेल्या डब्यात, डबा माझ्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला मी डबा वर उचलायची आणि काकू म्हणायच्या, "पोरी, तू पयले श्वास घे." दोन पानं मोडली. बाकीची मांडवात पोचल्यावर आयसिंगच्या थेंबानं केकवर चिकटवली. शेवटचं लावत होते तेव्हा काकूंचा भाऊ मागे येऊन उभा राहिला. त्यानं एका पानावर नखानं हलकं वाजवून पाहिलं. टक् आवाज आला.

"हे खरंच साखरेचं हाय?"

"खाऊन पाय," काकू म्हणाल्या.

त्यानं खाल्लं नाही. बायकोला हाक मारली, तिनं जावेला. बघता बघता केकभोवती बायका जमल्या. भाऊ म्हणाला, "बाई, लहानीच्या लग्नातही तूच करजो."

काकूंनी पट्टी बांधलेला हात वर केला. "मले कायले सांगतं? इले पुस, फुरसत हाय का."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणाले. आवाज थरथरला, पण हो म्हणाले.